पत्त्यांची विद्या आणि पणाला लावलेले धन

महाराष्ट्रात कायद्याने चालणारा एकही कॅसिनो नाही. कॅसिनोंचे नियंत्रण व त्यांवरील कर यांविषयीचा एक कायदा राज्याने १९७६ साली केला होता खरा. परंतु तो कधी अंमलात आलाच नाही, आणि सत्तेचाळीस वर्षे कागदावर पडून राहिल्यानंतर २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द करून टाकला. असे असताना कापूस, मोसंबी आणि लोखंडी सळई यांवर ज्याचे पोट चालते त्या जालना जिल्ह्यातील आम्ही ब्लॅकजॅक नावाच्या परदेशी खेळाची चर्चा मांडावी, हे कित्येक वाचकांना विपरीत वाटेल. पण विषय आमच्या दारी चालत आलेला आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा झाला. आपल्याकडूनही कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जाऊन आली. जुने गोवे मांडवीच्या काठी आहे, आणि तीच मांडवी पुढे पणजीला पोहोचते तेव्हा तिच्या पात्रात दिव्यांनी झगमगणारी जुगाराची जहाजे नांगरलेली असतात. यात्रेकरूंच्या गाडीतील तरुणांना ती दिसतात. परतल्यावर त्यांच्यापैकी काहींनी एक प्रश्न केला. तिर्रट किंवा झन्नामन्ना हे दैवावरचे खेळ, ते वाईट हे आम्हांला पटते. पण ब्लॅकजॅक हा म्हणे शिकून खेळावयाचा खेळ आहे, त्याचे गणित आहे, त्यावर ग्रंथ आहेत. अभ्यास करून, बुद्धी चालवून खेळलेला डाव हा जुगार कसा? ती एक विद्याच नव्हे काय?

प्रश्न चांगला आहे. तो विचारणाऱ्याला दटावून गप्प करणे हे आपल्या घरांतून नेहमी होते, आणि त्यामुळेच पुढचे पुष्कळ अनर्थ घडतात, असे आमचे मत आहे. म्हणून आधी ही विद्या आहे तरी काय, ते पाहू.

खेळ साधा आहे. दोन ते दहा या पानांची किंमत त्यांच्या अंकाइतकी. राजा, राणी आणि गुलाम यांची दहा. एक्क्याची एक किंवा अकरा, जशी सोयीची पडेल तशी. खेळणाऱ्याने एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जावयाचे, पण एकवीस ओलांडावयाचे नाही. समोर कॅसिनोचा माणूस पाने वाटतो आणि स्वतःलाही घेतो. त्याच्या पानांपैकी एक सर्वांना दिसते. त्याला स्वतःची अक्कल चालविण्याची मुभा नसते. सोळापर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे आणि सतराला थांबलेच पाहिजे, असा नियम. खेळणाऱ्याला मात्र पूर्ण मोकळीक: हवे तेव्हा पान मागावे, हवे तेव्हा थांबावे. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले, तर लावलेल्या रकमेच्या दीडपट मिळतात. वरवर पाहता सगळी सवलत खेळणाऱ्यालाच दिलेली दिसते. मग कॅसिनोचे दिवे कशावर जळतात?

आपल्या खेड्यांतील अड्ड्यावर जुगार भरतो तेव्हा जिंकणाऱ्याच्या पैशांतून अड्डेवाला आपली 'नाल' काढून घेतो. ती सर्वांच्या डोळ्यांदेखत काढली जाते, आणि म्हणून सर्वांना ती खुपतेही. ब्लॅकजॅकमध्ये नाल कोठे काढलेली दिसत नाही, कारण ती नियमाच्या पोटात लपविलेली आहे. खेळणाऱ्याने आपला डाव आधी पुरा करावयाचा असतो. त्याचे एकवीस ओलांडले की त्याचे पैसे त्याच क्षणी उचलले जातात. पुढे कॅसिनोवाल्याचेही एकवीस ओलांडले तरी ते परत मिळत नाहीत. समजा, खेळणारा अगदी समोरच्याप्रमाणेच खेळला, म्हणजे सोळापर्यंत पान घेतले आणि सतराला थांबला. अशा खेळात प्रत्येकाचे एकवीस शंभरांत सुमारे अठ्ठावीस वेळा ओलांडते. म्हणजे दोघांचेही ओलांडले असे डाव शंभरांत आठाच्या आसपास निघतात, आणि ते सगळे कॅसिनोच्या पदरात पडतात. दीडपटीच्या बक्षिसाने त्यांतील थोडे परत येते. उरलेली साडेपाच टक्के ही नाल.

ही नाल कमी करता येते, आणि येथेच विद्येचा संबंध येतो. १९५६ साली बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी सैन्यात नोकरी करणाऱ्या चौघा गणितज्ञांनी टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर हिशेब करून कोणत्या पानांवर काय करावे याचा तक्ता संख्याशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपल्याजवळ सोळा आहेत आणि समोर सहा दिसतो, तर थांबावे. समोर दहा दिसतो, तर भीती वाटली तरी पान घ्यावे. असा तो तक्ता. नियम बऱ्यापैकी असतील आणि तक्ता तंतोतंत पाळला, तर कॅसिनोची नाल अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. पुढे एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की, निघून गेलेली पाने ध्यानात ठेवली आणि उरलेल्या गड्डीत एक्के व दहा जास्त राहिले असतील तेव्हाच रक्कम वाढविली, तर पारडे खेळणाऱ्याच्या बाजूला थोडेसे झुकवता येते. यात लबाडी नाही. पाने कोणी बदलत नाही, खुणा करीत नाही. डोळे उघडे ठेवून बेरीज-वजाबाकी करावयाची, एवढेच. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असा निर्णयही दिला की, केवळ पाने मोजतो म्हणून एखाद्याला बाहेर काढण्याचा अधिकार कॅसिनोने स्वतःच्या मर्जीने वापरू नये.

तेव्हा आमच्या तरुण मित्रांचे अर्धे म्हणणे खरे आहे. ही विद्या आहे. किंबहुना दैवाच्या खेळांचे गणित हे मुळी हीन शास्त्रच नव्हे. अर्धवट थांबलेल्या डावातील रक्कम दोघांत न्यायाने कशी वाटावी, या प्रश्नावर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली एकमेकांना पत्रे लिहिली, आणि त्यांतून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. पास्कल हा केवढा श्रद्धावान मनुष्य होता हे आम्ही सांगावयास नकोच. आज आपल्या शेतकऱ्याचा पीकविमा ज्या गणितावर उभा आहे, त्याचा उगम त्या पत्त्यांत आणि फाशांत आहे.

परंतु त्याच गणिताचे दुसरे एक पान आहे. समजा, एखादा तरुण तक्ता पाठ करून बसला आहे, दर डावाला पाचशे रुपये लावतो आहे आणि तासाला साठ डाव होतात. तासाभरात तीस हजार रुपये टेबलावरून फिरले. अर्ध्या टक्क्याने त्याची सरासरी हानी दीडशे रुपये. सिनेमाचे तिकीटच म्हणा ना. पण नशिबाच्या चढउतारामुळे त्याच तासात साडेचार हजार रुपये वर किंवा साडेचार हजार खाली जाणे हे अगदी नेहमीचे असते. दीडशेची गळती साडेचार हजारांच्या भरती-ओहोटीत दिसणार कशी? घागरीला बारीक भोक आहे, पण ती घागर हिंदकळणाऱ्या गाडीत ठेवलेली आहे. जिंकून उठलेल्याला वाटते, ही माझी विद्या. हरून उठलेल्याला वाटते, आज दैव फिरले होते, उद्या पाहू. खेळ आपल्या विद्यार्थ्याला त्याच्या चुकीची शिक्षा वेळेवर देत नाही आणि बिनचूकपणाचे बक्षीसही वेळेवर देत नाही. सुताराचा पोर रंधा चुकीचा धरतो तेव्हा लाकूड त्याला तत्काळ सांगते. येथे चूक करणाऱ्यालाच कित्येकदा पैसे मिळतात. अशी शाळा माणसाच्या स्वभावाचे काय करीत असेल, याचा विचार व्हावयास हवा.

आता कायद्याकडे वळू, कारण 'विद्या' या शब्दाला एवढे वजन कायद्यामुळेच आले आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने रमीविषयी एक प्रसिद्ध निर्णय दिला. तो खटला सिकंदराबादच्या एका क्लबाचा, हैदराबाद संस्थानच्या जुन्या जुगार कायद्याखालचा. म्हणजे १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात आपले जालना होते तेथलाच. न्यायालयाने म्हटले की, तीन पानांचा खेळ हा निव्वळ दैवाचा, परंतु रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते राखावे आणि कोणते टाकावे याचे कौशल्य लागते. म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय. हे वाक्य पुढे इतक्या ठिकाणी वापरले गेले की मोबाइल फोनवर पैशांची रमी चालविणाऱ्या कंपन्यांचे तर ते ब्रीदच झाले होते. मात्र त्याच निर्णयातील दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नसे. जागेचा मालक जर त्या खेळातून नफा काढीत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असेही न्यायालयाने नमूद केले होते. म्हणजे कौशल्य किती, या प्रश्नाबरोबरच नफा कोणाचा, हा प्रश्न न्यायमूर्तींच्या डोळ्यांपुढे होताच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात तर पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवण्यात आला.

गोव्याची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांच्या टेबलांना. पुढे फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोच्या खेळाच्या दालनात जाण्यास मनाई करण्यात आली. वाचकांनी या व्यवस्थेचा अर्थ शांतपणे लक्षात घ्यावा. आपल्या मुलाबाळांना जे घातक ठरेल असे सरकारला वाटते, ते शेजाऱ्याच्या मुलाबाळांकरिता मांडून ठेवलेले आहे, आणि ते शेजारी म्हणजे आपण. त्या टेबलाशी बसावयास गोव्याचा माणूस चालत नाही, जालन्याचा चालतो.

येथे आमचा एक शेतकरी वाचक आम्हांला अडवील याची आम्हांला कल्पना आहे. तो म्हणेल, अहो, जुगार-जुगार काय म्हणता? शेती हाच मोठा जुगार नाही काय? बियाणे उधारीवर, खत उधारीवर, आणि पाऊस आला तर आला. २०१२-१३ च्या दुष्काळात वर्षानुवर्षे पोसलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. कॅसिनोत निदान शंभरामागे अर्धा रुपया जातो, आमचे शंभरच्या शंभर जातात!

हा आक्षेप शब्दखेळ म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. जोखीम दोन्हीकडे आहे, आणि जोखीम हे पाप असते तर पेरणीही पाप ठरती. तरीही फरक आहे. शेतकऱ्याने मातीत टाकलेले बी उगवले तर जगात पूर्वी नव्हते असे काही नवे निर्माण होते, आणि ते खाणारा कोणी असतो. माझे पीक चांगले यावे म्हणून शेजाऱ्याचे जळले पाहिजे असा शेतीचा नियम नाही. पत्त्यांच्या टेबलावर नवे काही उगवत नाही. तेथे रुपया फक्त या खिशातून त्या खिशात जातो, आणि जाता जाता थोडा झिजतो. कापसाच्याच बाबतीत हे आपल्या इतिहासात फार स्पष्ट झालेले आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईला तारयंत्राने येत, आणि त्या आकड्यांवर मुंबईत लोक पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. तेव्हा खेळ बंद पडावयास हवा होता. पण १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला, चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडे बनविले, आणि कापूस नाहीसा झाला तरी जुगार जसाच्या तसा चालू राहिला. त्यात कापसाची गरज मुळी कधी नव्हतीच. ज्याने कापूस पिकविला, वेचला, सरकी काढली, त्याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता.

मग पत्त्यांचा खेळच वाईट म्हणावा काय? तसे आम्हांला मुळीच वाटत नाही, आणि ख्रिस्तसभेचीही ती शिकवण नाही. चिठ्ठ्या टाकणे हे स्वतः पापही नाही आणि पुण्यही नाही: क्रुसाच्या पायथ्याशी शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, आणि प्रेषितांनी मत्थियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच केली. संत थॉमस अक्वायनस यांनी तर खेळाविषयी असे प्रतिपादन केले आहे की, मनालाही देहासारखी विश्रांती लागते, योग्य प्रमाणात खेळणे हा एक सद्गुण आहे, आणि जो कधीच खेळत नाही व दुसऱ्याच्या विनोदावर विरजण घालतो त्याच्यातही दोष आहे. आमच्या काही अतिगंभीर मंडळींनी हे लक्षात ठेवावे. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाची भूमिकाही याच धर्तीची आहे. दैवाचे खेळ व पैजा या मूलतः न्यायाविरुद्ध नाहीत. परंतु स्वतःच्या व इतरांच्या गरजेचे धन त्यांत जाऊ लागले की त्या अनीतिकारक होतात, आणि खेळण्याची वासना गुलामगिरीत परिणत होण्याचा धोका असतो, असे तेथे शिकविले आहे.

यात विद्येचा उल्लेख नाही, हे ध्यानात यावे. खेळणारा निष्णात आहे की अडाणी, हे तेथे विचारलेलेच नाही. विचारले आहे ते एवढेच: टेबलावर ठेवलेले धन कोणाचे?

हाच प्रश्न आपल्या देशात त्याहून कितीतरी आधी, भर सभेत, एका स्त्रीने विचारला होता. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरविले की आधी मला, असे द्रौपदीने विचारले. जो स्वतःचाच उरला नाही त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोठून? सभेतील वृद्धांना त्याचे उत्तर देता आले नाही. युधिष्ठिराला द्यूतविद्या येत नव्हती म्हणून हा अनर्थ झाला, असे पुष्कळजण म्हणतात. शकुनी शिकलेला होता, धर्मराज शिकलेला नव्हता. तोही शिकला असता तर? या 'तर'चे उत्तर त्याच महाभारतात, वनपर्वातील नलाच्या कथेत दिलेले आहे, आणि आमच्या तरुण मित्रांनी ते अवश्य वाचावे.

नल हा द्यूतात राज्य हरला. सर्वस्व गेल्यावर पुष्कराने त्याला डिवचले, आता दमयंती तेवढी उरली, तिला लाव. नलाचे हृदय विदीर्ण झाले, पण त्याने तिला लावले नाही. अंगावरचे अलंकार उतरवून तो एका वस्त्रानिशी चालता झाला. पुढे सारथ्याच्या वेषात राहत असताना त्याला ऋतुपर्ण राजा भेटला. वाटेत एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे त्या राजाने नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नलाने झाड उतरवून मोजून पाहिले, तो संख्या बरोबर. ज्याला मोजता येते त्याला फासेही वश होतात; ते 'अक्षहृदय' ऋतुपर्णाने नलाला दिले, आणि बदल्यात घोड्यांची विद्या मागितली. थॉर्प यांच्या किती आधी आपल्या पूर्वजांना मोजणीचे मर्म कळले होते, हे पाहून कोणासही नवल वाटेल. विद्या मिळताच नलाच्या अंगातील कली बाहेर पडला. दमयंतीची भेट झाली. मग नल पुष्कराकडे गेला, पुन्हा खेळावयास बसला, एकाच डावात सर्व राज्य परत जिंकले, आणि भावाला क्षमाही केली. कथा सुखान्त आहे.

पण त्या शेवटच्या डावात नलाने काय लावले होते? आपण मिळविलेले धन, आणि दमयंती. अडाणी असताना, हरत असताना, कली अंगात असतानाही जिला त्याने पणाला लावले नव्हते, तिला विद्या आल्यावर लावले. कथाकाराने हे सहज एका ओळीत सांगून टाकले आहे, त्यावर कोणतेही भाष्य केलेले नाही. दमयंतीला कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. आम्हांला हा सबंध महाभारतातील एक अत्यंत अस्वस्थ करणारा प्रसंग वाटतो. न शिकलेला खेळाडू निदान भितो. त्याला ठाऊक असते की आपण अंधारात चाचपडत आहोत, म्हणून तो कधीतरी, कोठेतरी, एखाद्या वस्तूपाशी थांबतो. शिकलेल्याला थांबावयाचे कारणच उरत नाही. त्याची खात्री झालेली असते. तरुणांनी विचारले होते, शिकून खेळलेला डाव जुगार कसा. आम्ही उलट म्हणतो की, शिकलेल्याकडे पणाला लावण्यासाठी जास्त वस्तू असतात. मुलाच्या प्रवेशाचे पैसे, बहिणीच्या लग्नाकरिता पतपेढीत ठेवलेली ठेव, मोंढ्यात कापूस विकून आलेली आणि खतवाल्याला द्यावयाची रक्कम: या वस्तू अडाणी माणूस भीतीने बाजूला ठेवतो, आणि तक्ता पाठ असलेला माणूस 'भांडवल' म्हणून पुढे सरकवितो.

आणि तो जिंकलाच तर? ही शक्यता आम्ही टाळू इच्छित नाही, कारण असे लोक आहेत. अमेरिकेत सिॲटलच्या परिसरातील काही श्रद्धावान प्रॉटेस्टंट तरुणांनी, ज्यांत पाळकही होते, मोजणीची विद्या शिकून एक चमू बांधला आणि कॅसिनोंकडून मोठ्या रकमा जिंकल्या. त्यांच्यावर 'होली रोलर्स' या नावाचा माहितीपट २०११ साली निघाला. त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे: कॅसिनो हा लोकांना लुबाडणारा धंदा, आम्ही लबाडी करीत नाही, त्याच्याच नियमांनी त्याचे पैसे काढून घेतो आणि आमचा वेळ कुटुंबाला व देवाच्या कार्याला देतो, यात गैर काय? प्रथमदर्शनी निरुत्तर व्हावे असा हा युक्तिवाद आहे. परंतु कॅसिनोच्या तिजोरीत तो पैसा आला कोठून? तो शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, न शिकलेल्या माणसाच्या खिशातून आला. मोजणारा जिंकतो तेव्हा कॅसिनो बुडत नाही, बुडाला तर जिंकावयाचे कोठे! तो त्या शेजाऱ्याच्या हानीतला आपला वाटा उचलतो, एवढेच. दानधर्म कोणत्या धनातून करता येतो याची चर्चा करताना संत थॉमस यांनी जुगारातील कमाईचाही विचार केलेला आहे. अल्पवयीन, बुद्धिभ्रष्ट अशा, जे आपली मालमत्ता दुसऱ्यास देऊन टाकण्यास मुखत्यार नाहीत त्यांच्याकडून जिंकलेले धन; आपल्या लाभासाठी दुसऱ्याला खेळात ओढून जिंकलेले धन; कपटाने जिंकलेले धन: हे सर्व परत केले पाहिजे, असे त्यांचे मत. आता जो माणूस उठू इच्छितो पण उठू शकत नाही, ज्याच्या हाताला ते व्यसन हलवीत आहे, तो स्वतःच्या धनाचा मुखत्यार आहे असे म्हणता येईल काय? संत थॉमस यांनी असा माणूस त्या ठिकाणी सांगितलेला नाही. पण द्रौपदीने सांगितला आहे. जो स्वतःलाच हरला आहे, त्याची बाकीची देवघेव कायदेशीर कशी?

संत कामिल्लस हे असेच हरलेले शिपाई होते. सोळाव्या शतकात नेपल्स शहरात ते अंगावरचा सदरासुद्धा खेळात घालवून बसले. रोमच्या ज्या रुग्णालयात ते कामाला होते तेथून पत्त्यांच्या नादापायी त्यांना काढून टाकण्यात आले, आणि पुढे त्याच रुग्णालयाने त्यांना परत आत घेतले. आज ते रुग्णांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत आहेत. आपल्या धर्मग्रामात एखाद्या घरी असे संकट आले की लोक त्या घरावरून जाताना नजर चुकवितात. आम्हांला वाटते, परत घेणाऱ्या त्या रुग्णालयाचा विचार येथे अधिक उपयोगी आहे.

आता स्वतःच्या अंगणाविषयी दोन शब्द. सणाच्या दिवशी मंडपात आपण हाऊझी खेळतो, लकी ड्रॉची तिकिटे खपवितो. यावरून तरुण आपल्याला टोमणा मारतात, आणि त्यांचा टोमणा अगदीच फुकट नाही. गणिताने पाहिले तर लकी ड्रॉची नाल कॅसिनोहून कितीतरी जबर असते: शंभर रुपये गोळा होतात तेव्हा बक्षिसांत निम्मे-अर्धेच परत येतात. तरीही तो प्रकार वेगळा आहे, कारण घेणाऱ्याला आपण दान देत आहोत हे ठाऊक असते आणि तिकीट दहा रुपयांचे असते. पण एखाद्या वर्षी तिकीट पाचशेचे झाले, बक्षीस मोटारसायकलीचे झाले, आणि छताच्या दुरुस्तीपेक्षा मोटारसायकलीचीच चर्चा गावभर झाली, तर तो फरक उरणार नाही. किंमत कोठवर न्यावी हे ठरविताना, ज्याच्या घरी तिकीट न घेणे लाजिरवाणे वाटेल आणि घेणे परवडणार नाही, अशा सर्वांत गरीब धर्मग्रामस्थाला डोळ्यांपुढे धरावे, अशी आमची सूचना आहे.

आणि ब्लॅकजॅक शिकावा की नाही? खुशाल शिकावा. नाताळच्या रात्री मिस्साहून परतल्यावर, पोरांनी झोप उडालेली असते तेव्हा, आजीला पाने वाटावयास बसवावे आणि प्रत्येकाला पन्नास पन्नास चिंचोके द्यावेत. आजीने सोळापर्यंत पान घ्यावे, सतराला थांबावे. पोरांनी हवे तसे खेळावे, ज्याला तक्ता पाठ करावयाचा असेल त्याने तो करावा. शंभर-दीडशे डाव होऊ द्यावेत. मध्येच कोणाजवळ ढीग साठेल, कोणी रडकुंडीला येईल, कोणी धाकट्याचे चिंचोके उसने मागेल. तेव्हा आजीने खेळ थांबवून, उसने देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला काय वाटते ते विचारावे. मग पुढचा डाव वाटावा.